आधी स्वतःचा पगार लिही

काल संध्याकाळी तू फाइल छातीशी धरून ओट्यावर येऊन बसलीस. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी कप उचलला नाहीस. कंपनीचा मेल आला होता, यंदा तुमचा प्रस्ताव घेता येणार नाही. शेवटी तू म्हणालीस, “ताई, बंद करू का गं सगळं?” घरात पाहुणे होते आणि असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊ नये, म्हणून मी गप्प राहिले. तू गेल्यावर पाहिलं तर फाइल ओट्यावरच. पाहुणे झोपल्यावर मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. न विचारता वाचली, रागावू नकोस.

प्रस्ताव चांगला आहे. तांड्यावरची परिस्थिती जशी आहे तशी मांडली आहेस. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. मग पोरं एक तर आईबापाबरोबर फडावर जातात, नाही तर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात आणि हळूहळू शाळेतून उठतात. त्या पाच-सहा महिन्यांत त्यांना गावात थांबवायचं, संध्याकाळी अभ्यासिकेत बसवायचं, त्यांच्या आज्यांना धीर द्यायचा, हे काम तू सहा वर्षं करते आहेस. सगळा सोयगाव तालुका ते पाहतो आहे.

बजेटच्या पानावर मात्र मी अडकले. वह्या आहेत, सतरंज्या आहेत, फळा, सौरदिवे, शिक्षिकांचं मानधन, मुलांचा खाऊ, पालकसभेचा चहा, सगळं आहे. तू कुठेच नाहीस. तुझ्या गाडीचं पेट्रोल नाही, फोन नाही, खोलीचं भाडं नाही, हिशेब लिहिणाऱ्याची फी नाही. या कामाला रोजचे आठ-दहा तास देणाऱ्या बाईच्या पोटाची एकही ओळ त्या पानावर नाही. मला रडू आलं बाई. कारण असलं पान मी स्वतः कितीतरी वर्षं लिहीत आले.

तुला माझी बावीस वर्षं ठाऊक आहेत, पण वरवरची. बचत गट, दारूबंदी, बायकांच्या केसेस, हे तू ऐकलं आहेस. या काळात मी मानधनावर होते, तेही प्रकल्प चालू असेल तेव्हाच, हे मी कोणाला सांगत नसे. दोन प्रकल्पांच्या मधले सहा-आठ महिने घरातून निघायचे. आईच्या आजारपणात मला उसने पैसे घ्यावे लागले, आणि ज्या गटातल्या बायकांना मी बचतीचं महत्त्व शिकवत होते, त्यांच्याच एका गटातून मी कर्ज उचललं. फेडलं, वेळेवर फेडलं. पण त्या दिवशी मला कळायला हवं होतं की आपलं काहीतरी मुळातच चुकतंय. मला ते फार उशिरा कळलं. तुला आज कळावं म्हणून हे सगळं सांगते आहे.

आज संस्थांपुढे कोणती संकटं आहेत असं कोणी विचारलं, तर कार्यशाळेत पंधरा मुद्दे निघतात. माझ्या मते मूळ एकच आहे. प्रकल्पाला पैसा मिळतो, संस्थेला मिळत नाही. वस्तूला मिळतो, माणसाला मिळत नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घे. फर्दापूरला अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जसाहाय्यातून पर्यटक केंद्र उभं राहिलं. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, सभागृहं, मोठ्या इमारती. बांधायला पैसा होता. पुढे वीज आणि पाणी यांची बिलं थकत गेली आणि एवढ्या मोठ्या केंद्राला टाळं लागलं. सरकारचं हे होतं, तिथे आपल्या अभ्यासिकेचं काय? देणाऱ्याला दिव्यावर आपलं नाव हवं असतं. दिव्याखाली बसून शिकवणाऱ्या पोरीचा बारा महिन्यांचा पगार कोणाला फोटोत दिसत नाही.

आता तुझ्या कंपनीकडे येते. ‘आपलंच काही चुकलं असेल’ असं तू म्हणालीस. तुझं थोडं चुकलं आहे, ते पुढे सांगते. पण बरंचसं तुझ्या हातात नव्हतं, हेही समजून घे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्याच कलमात असं आहे की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणजे कारखाना जिथे, पैसा तिथे. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातले मोठे कारखाने वाळूजला, शेंद्र्याला, चिकलठाण्याला. सोयगाव तिथून शंभरावर किलोमीटर, अजिंठ्याचा घाट उतरून खाली. त्यांच्या नकाशावर आपण ‘आसपास’ कधीच येत नाही.

बरं, मागास म्हणून तरी यावं? केंद्राने २०१८ साली आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव आले. बऱ्याच कंपन्या त्या यादीकडे बघून पैसे देतात. आपला जिल्हा यादीत नाही, कारण जिल्हा म्हणून तो कागदावर खाऊनपिऊन सुखी दिसतो. औद्योगिक वसाहती आहेत, विमानतळ आहे, जगभरचे पर्यटक येतात. त्या सरासरीत आपले तांडे बुडून जातात. आणि जळगाव आपल्याला जवळ, दवाखान्याला आपण तिकडेच धावतो, पण तिथल्या देणगीदाराकडे गेलं की तो म्हणतो, तुमचा जिल्हा वेगळा. संभाजीनगरचा म्हणतो, तुम्ही फार लांब. तू हे दोन्ही ऐकलं आहेस. हे तुझ्या इंग्रजीमुळे झालेलं नाही गं. काल तू पुन्हा पुन्हा तुझ्या इंग्रजीला दोष देत होतीस म्हणून मुद्दाम सांगते.

म्हणून पुढच्या प्रस्तावात पहिल्या पानावर जिल्ह्याचं नाव मोठं करू नकोस. तालुक्याचं, गावाचं, तांड्याचं चित्र मांड. किती घरांतून किती माणसं ऊसतोडीला गेली, मागे किती मुलं राहिली, गेल्या हंगामात शाळेच्या हजेरीचं काय झालं, हे तुझ्या वहीत आहेच. ती वही सोन्याची आहे. तसली नोंद सगळ्यांकडे नसते.

प्रशासकीय खर्चाचं भूतही इथेच निपटू या. नियमात ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक खर्चातल्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे कंपनीच्या आतला जो विभाग हे काम बघतो त्याच्यासाठी. पण टेबलावर बोलणी होता होता ती मर्यादा आपल्या अंगावर येते. ‘पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही’ असं आपल्याला सांगतात आणि आपण मान डोलावतो. पुढच्या वेळी मान डोलावू नकोस. अभ्यासिका चालवायची म्हणजे रोज तिथे जाणारी, भांडणं मिटवणारी, मुकादमाशी बोलणारी, शाळेत पाठपुरावा करणारी बाई लागते. तो कामाचाच खर्च आहे. त्याला प्रशासकीय म्हणू नकोस. ‘प्रकल्प समन्वयक, पूर्ण वेळ’ असं लिही आणि त्यापुढे महिन्याची रक्कम लिही. लाजून नाही, सरळ.

लोक काय म्हणतील, हे तुझ्या मनात आलं ना आत्ता? मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच यायचं. ‘समाजसेवा करते आणि पगार घेते.’ अगं, कीर्तनकाराला बिदागी देताना हरिनामाचे पैसे घेतले असं गावात कोणी म्हणत नाही. शाळेतल्या बाई पगार घेतात, आशाताईला मोबदला मिळतो. मग तांड्यावरच्या पोरांसाठी दिवस वेचणारीनेच उपाशी का राहायचं? आपण ‘मानधन’ हा शब्द काढला. त्यातला मान देणाऱ्याच्या सोयीचा झाला आणि धन आटत गेलं. पगार म्हण. एक काळजी मात्र घे. संस्थेची घटना काढून बघ, पदाधिकाऱ्याने मोबदला घेण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाच. विश्वस्त म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, काम करणारी म्हणून घ्यायचे. तसा ठराव कर, रक्कम वाजवी ठेव, ठरावाच्या वेळी तू मतदानातून बाहेर राहा आणि सगळी रक्कम बँकेतूनच घे. आपल्या सीएला आधी विचार. हे सगळं स्वच्छ असलं की कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवता येतो.

त्यागाच्या गोष्टींनी आपलं फार नुकसान केलं आहे, असं मला या वयात वाटायला लागलं आहे. वाईट अर्थाने म्हणत नाही. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. ती गोष्ट सांगताना माझा आजही गळा दाटतो. पण १९१९ साली सुरू झालेली रयत शिक्षण संस्था मंगळसूत्रावर टिकली नाही, ती टिकली लोकांच्या वर्गणीवर आणि ‘कमवा आणि शिका’वर. महर्षी कर्व्यांचंही तसंच. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, त्यांचा त्याग सगळे सांगतात. त्या वेळी ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, घरात दर महिन्याला पगार येत होता, हे कोणी सांगत नाही. आश्रमाच्या पैशाला हात न लावता त्यांना जगता येत होतं म्हणून ते इतकी वर्षं उभे राहू शकले. तुझ्याकडे तशी नोकरी नाही. तुझी नोकरी हीच आहे. मग हिचाच पगार हवा.

परदेशी पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्या दारात आपण फार वेळ उभं राहण्यात अर्थ नाही. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेला बाहेरून निधी मिळायचा आणि ती आपल्यासारख्या तालुक्यातल्या संस्थेला त्यातला वाटा द्यायची. माझी कितीतरी वर्षं तशीच निघाली. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या, म्हणजे एफसीआरए, कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी पुढे देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घेण्याचं बंधन आलं. स्वतःची नोंदणी करायची तर तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तुझा तेवढा खर्च नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा मोठमोठ्या संस्थांचे प्रकल्प आठवड्याभरात थांबले. तेव्हा त्या वाटेची हळहळ सोड.

इथल्या लोकांच्या देणगीकडे मात्र जास्त लक्ष दे, आणि तिथे एक नवी अडचण आली आहे ती ओळख. आपण अजून ‘एटी-जीची, म्हणजे करात वजावटीची, पावती मिळेल’ असं म्हणून शिक्षकांकडे, दुकानदारांकडे जातो. नव्या करप्रणालीत ती वजावटच मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून न सांगता लागू होते ती हीच प्रणाली. बरेच पगारदार तर जुन्याकडे वळतही नाहीत. म्हणजे पावतीचं आमिष संपत आलं. मला यात वाईट वाटत नाही. ज्याला पोरं शिकावीत असं वाटतं तोच देईल. पण त्यासाठी त्याला अभ्यासिकेत आणून बसवावं लागेल. सोयगावच्या बाजारपेठेतले कितीजण तुझ्या तांड्यावर आले आहेत? काल तू म्हणालीस, दोघं. दोघांनी काय होणार?

पणजीत एक जुनी मराठी शिक्षणसंस्था आहे, मुष्टिफंड. नावातच मूठ आहे. घरोघरची मूठ मूठ गोळा करून शाळा चालवायची, ही आपल्या लोकांची जुनी रीत. आपल्याकडे कपाशी आणि मका. दिवाळीच्या आधी वेचणीचा पैसा हातात येतो तेव्हा घरटी शंभर रुपये मागायला काय हरकत आहे? त्यातून तुझा वर्षाचा खर्च निघणार नाही, हे मलाही कळतं. पण खोलीचं भाडं आणि ऑडिटची फी निघाली तरी कंपनीने पाठ फिरवली त्या वर्षी दाराला कुलूप लागणार नाही. शिवाय ज्याने शंभर रुपये दिले तो चौकात विचारतो, ‘काय गं, अभ्यासिका चालू आहे ना?’ असं विचारणारे दोनशे लोक गावात असणं, हे मला एका मोठ्या धनादेशापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता तुझं जे चुकलं ते सांगते. फाइलमध्ये मागच्या सभेचा ठराव आहे. तुमच्या सचिव लग्न होऊन पुण्याला गेल्या, त्यांचा राजीनामा मंजूर झाला, नव्या सचिव निवडल्या. ठराव नीट आहे, सह्या आहेत. धर्मादाय कार्यालयात हा बदल कळवायचा चेंज रिपोर्ट कुठे आहे? मी दोनदा शोधला. नाही.

याला कागदाचा कंटाळा म्हणून सोडू नकोस, मी याचे चटके खाल्ले आहेत. आमच्या संस्थेचे खजिनदार वारले. सगळ्यांचे लाडके होते, महिनाभर कोणाला काही सुचलं नाही. पुढे नवे खजिनदार निवडले, ठराव लिहिला, मिठाई वाटली. धर्मादाय कार्यालयात कळवायचं राहून गेलं. ते काम माझ्याकडे होतं. चार वर्षांनी एका मोठ्या निधीसाठी त्या कार्यालयातल्या नोंदीचा, म्हणजे शेड्यूल वनचा, उतारा मागितला गेला, त्यावर वारलेल्या माणसाचं नाव. निधी गेला. विलंब माफ करण्याचा अर्ज, नोटीस, तारखा, यात अडीच वर्षं गेली. त्या अडीच वर्षांत आम्हाला अकरापैकी सात कार्यकर्त्यांना कामावरून कमी करावं लागलं. त्यातल्या दोघी पुन्हा शेतमजुरीला गेल्या. एकीच्या घरी मी स्वतः सांगायला गेले होते. तिने मला चहा दिला आणि काही बोलली नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. त्यातल्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत, पत्त्यात, मिळकतीत बदल झाला की ९० दिवसांत कळवायचं असतं. वर्षाचे हिशेब तपासून घेऊन सप्टेंबरअखेर द्यायचे. प्राप्तिकराची नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की कायमची असायची, २०२१ पासून ती पाच-पाच वर्षांची झाली. २०२५ मध्ये लहान संस्थांना, म्हणजे उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना, दहा वर्षांची सवलत आली. शिवाय नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, म्हणजे कलमांचे आणि फॉर्मचे जुने आकडे पाठ असून उपयोग नाही. देणगीदारांची यादी दरवर्षी मेअखेर भरायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. कंपनीचा पैसा हवा तर सीएसआर-वन हा फॉर्म, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव. चार खोल्यांच्या शाळेएवढं काम नसलेल्या संस्थेला आणि शेकडो कोटींच्या संस्थेला जवळपास सारखेच कागद. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते जिथे तिथे बोलते. तरी कागद मी भरते. कारण लेटरहेडवर चालणाऱ्या संस्था खूप झाल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे आपल्याकडे संशयाने बघणाऱ्या माणसाला दाखवायला आपल्याकडे हे कागदच असतात.

तू एक कर. घराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे ना, त्यावर लाल पेनाने या तारखा लिही. मोबाइलमध्ये नको, भिंतीवर. येता-जाता दिसतात. आणि हिशेब लिहायला कोणी तरी ठेव, आठवड्यातून एक दिवस का होईना. शेजारच्या दोन-तीन लहान संस्थांनी मिळून एक हिशेबनीस ठेवला तर कोणालाच जड जात नाही. हे मी सिल्लोड-कन्नडकडच्या मैत्रिणींशी बोलले आहे, त्या तयार आहेत.

आणखी एक, जरा नाजूक आहे. तुझ्या सात सदस्यांत तुझा भाऊ, वहिनी आणि मावसबहीण आहेत. सुरुवातीला दुसरं कोण सही करतं, घरचेच करतात, ते मी समजते. पण आता सहा वर्षं झाली. तांड्यावरची एक आई घे. निवृत्त शिक्षक घे, तुझ्याशी न पटणारा असला तरी चालेल, किंबहुना तसाच घे. घरच्यांची संस्था घरात भांडण झालं की मोडते. आणि तुझ्यानंतर कोण, हा प्रश्न तुला आज विचित्र वाटेल, पण दुसरी फळी चाळिशीत शोधायला निघालं की सापडत नाही. ती अभ्यासिकेतली नववीतली मुलगी, जी लहान मुलांना पाढे म्हणवून घेते, तिच्याकडे लक्ष ठेव.

फोटोंचं बोलले नाही तर मला झोप लागायची नाही. या प्रस्तावाला तू मुलांचे जवळून काढलेले अकरा फोटो जोडले आहेस. नाक वाहतं आहे, अंगावरचा शर्ट फाटला आहे. तुला कोणी तरी सांगितलं असणार की असे फोटो लागतात. मागतात, मला माहीत आहे. रोजची हजेरी ॲपवर, फोटो जागेच्या खुणेसकट, महिन्याला परिणामांचा तक्ता. तांड्यावर रेंज नसते तेव्हा तुझ्या शिक्षिका टेकडीवर चढून हजेरी पाठवतात आणि तेवढा वेळ पोरं नुसती बसून राहतात. मोजमापाला माझा विरोध नाही, तुझ्या वहीचं मी कौतुक केलंच. पण पोराची फाटकी अवस्था विकून त्याच्यासाठी पैसे आणू नकोस. तो उद्या कॉलेजात जाईल आणि तो फोटो कुठल्या तरी अहवालात तसाच राहील. आईची परवानगी घे, चेहरा ओळखू येणार नाही असा फोटो काढ, नाही तर हातात धरलेल्या वहीचा काढ. जो एवढ्यावर अडून बसतो त्याचा पैसा नको म्हण.

नको म्हणायला शिकणं, हे मला सगळ्यात उशिरा आलं. पैसा पाण्याच्या कामाला मिळतो म्हणून आम्ही पाण्याचं काम घेतलं, मग शौचालयांचं, मग आरोग्य शिबिरांचं. शेवटी आम्ही कोण आहोत हेच आम्हाला सांगता येईना. याउलट मराठवाड्यातलंच एक काम बघ. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना पुढे केलं, त्यातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. भूकंपाचा पैसा ओसरला, आलेल्या कितीतरी संस्था परत गेल्या. ही राहिली, कारण तिने बायकांना सोडलं नाही. पुढे त्याच लातूर-धाराशिवच्या बायकांबरोबर एक एकर शेतीचं काम उभं राहिलं, २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. काम चालू आहे. तिथे माणसं तीच राहिली, प्रकल्प बदलत गेले. आमचं उलटं झालं होतं.

तर बंद करू का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सगळं बंद करू नकोस. अभ्यासिकेच्या पाच केंद्रांपैकी दोन या हंगामापुरती थांबव, त्या गावांत जाऊन लोकांना समोर बसवून खरं कारण सांग. उरलेली तीन चांगली चालव. शिक्षिकांचे थकलेले पैसे आधी दे. कंपनीला उत्तर पाठव, आभार मान आणि कारण विचार. बहुतेकजण कारण विचारत नाहीत, आणि विचारलं तर बऱ्याचदा सांगतात. मग पुढचा प्रस्ताव लिहायला घे आणि बजेटच्या पहिल्या ओळीत समन्वयकाचा पगार लिही. आकडा काय लिहायचा ते कळलं नाही तर तुझ्या घरचा महिन्याचा किराणा, गाडीचं पेट्रोल, सासूबाईंचं औषध आणि पोराची फी यांची बेरीज कर. तिथून सुरुवात कर.

तुमच्या त्या ठरावाची तारीख धरून मी दिवस मोजले. ९० दिवस येत्या गुरुवारी भरतात. अर्ज ऑनलाइन भरायची सोय आहे, तरी या पहिल्या वेळी कार्यालयात जाऊन सगळं समजून घेतलेलं बरं. ठरावाची प्रत, राजीनामा, नव्या सचिवांची संमती आणि आधार, एवढं बरोबर घे. सोमवारी पहिल्या एसटीने संभाजीनगरला जाऊ, मी येते सोबत. डबा माझ्याकडून.